बर्लिनमध्ये क्लबला जायचंय? मग आधी झोप काढा

शनिवारी रात्री दहालाच तयार होऊन क्लबच्या दारात उभं राहायचा प्लॅन असेल तर तो आत्ताच बदला. बऱ्याच क्लबची दारं बाराच्या आसपास उघडतात आणि खरी गर्दी होते दोन-तीननंतर, म्हणून संध्याकाळी नीट जेवा, दोन तास झोपा आणि मग निघा. पश्चिम बर्लिनने १९४९ मध्येच बार रात्री बंद करायची सक्ती काढून टाकली, त्यामुळे इथे कोणालाच घाई नसते.

सुरुवात नॉयकोल्न भागातल्या वेझरश्ट्रासे या रस्त्यावरच्या बारमधून करा. खिशात कॅश हवीच, कार्ड न घेणारे बार अजून भरपूर आहेत. क्नायपे म्हणजे जुने गल्लीतले बार, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आत सिगरेट चालते, तेव्हा धुराचा त्रास असेल तर आधी दारातून डोकावून बघा. स्वस्तात हवं असेल तर श्पेटी म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारं छोटं दुकान, तिथून बिअर घ्या, रस्त्यावर प्यायलेली चालते. रिकामी बाटली फोडू नका, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी ठेवा, तिच्यावर ८ सेंट डिपॉझिट असतं आणि बाटल्या गोळा करणाऱ्यांना ते मिळतं.

आता दाराचं. बाउन्सर नाही म्हणू शकतो आणि कारण सांगत नाही, हे धरूनच जा. दोघं-तिघंच जा, दहाजणांचं टोळकं नको, रांगेत आरडाओरडा नको, आणि झिंगून तर अजिबात नको. आज आत कोणता डीजे वाजवतोय हे माहीत असू द्या, कधीकधी विचारतात. नाही म्हटलं तर वाद न घालता निघा. मला हा नियम पटतो, कारण यातले बरेच क्लब गे लोकांच्या पार्ट्यांमधून उभे राहिलेत आणि आतल्या माणसाला कोणी टक लावून बघणार नाही याची हमी दारातच द्यावी लागते. म्हणूनच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तो काढू नका, फोटो काढलात तर सरळ बाहेर.

बेर्गहाइन हा क्लब २००४ पासून ओस्टबानहोफ स्टेशनजवळच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. तिथली पार्टी शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत चालते, तेव्हा शनिवारी रात्रीच्या लांबलचक रांगेपेक्षा रविवारी दुपारी जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पहिल्यांदाच जात असाल तर ट्रेझॉर बघा, १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीखोलीत सुरू झालेला हा क्लब २००७ पासून क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या वीजकेंद्रात आहे, भिंती थरथरतील असा टेक्नो ऐकायला मिळतो. इअरप्लग मात्र न्याच.

परतताना शुक्रवार-शनिवारी मेट्रो रात्रभर असते, बाकी दिवशी नाइट बस. कागदी तिकिटावर तारीख-वेळेचा शिक्का नसेल तर तो मशीनमध्ये मारून घ्यायला विसरू नका. आणि रविवारी सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा उठल्यावर खायचं सामान शनिवारीच आणून ठेवा.