जिल्हा परिषद शाळेसाठी संगणक आणि डिजिटल वर्गाचा निधी: यूडायसपासून निर्लेखनापर्यंत

समग्र शिक्षा या केंद्र आणि राज्याच्या शालेय शिक्षण योजनेत संगणक कक्ष मिळावा म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना नुसता विनंती अर्ज देऊन फारसं काही होत नाही. अर्जावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो आणि तो फाइलला लागतो. शाळा निवडली जाते ती यूडायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहिती नोंदणीतल्या आकड्यांवरून. ते आकडे तालुक्यातून जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात जातात, तिथून मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि शेवटी दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे. मंजूर रकमेतला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. म्हणून अर्जाच्या मसुद्यावर आठवडा घालवण्यापेक्षा यूडायसचा फॉर्म भरताना दोन तास जास्त बसलेलं परवडतं.

योजनेच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यातले मापदंड असे. सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी आणि अनुदानित शाळांना आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान, म्हणजे संगणक) प्रयोगशाळेसाठी एकदाच मिळणारे जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार रुपये आणि पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत आवर्ती खर्च. प्रयोगशाळेऐवजी स्मार्ट वर्ग घेतले, तर दोन वर्गांसाठी २ लाख ४० हजार आणि वर्षाला ३८ हजार. या कमाल मर्यादा आहेत, हक्काची रक्कम नव्हे. पुढच्या टप्प्यात आकडे बदलले, तर तालुक्याकडून आलेलं पत्र प्रमाण माना.

पहिली ते चौथी किंवा पाचवीच्या शाळेने या घटकाची वाट पाहत बसू नये. तिचा रस्ता ग्रामपंचायतीतून जातो. त्याविषयी पुढे.

यूडायस भरताना

माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट, प्रोजेक्टर, डिजिटल फळा अशा प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे मागितलेले असतात: एकूण किती आणि त्यातले चालू किती. घोळ इथेच होतो. कोपऱ्यातल्या खोलीत पोत्याखाली झाकून ठेवलेले दहा जुने संगणक ‘एकूण’मध्ये असतात, आणि मागच्या वर्षीचाच फॉर्म पुढे ढकलताना तेच दहा ‘चालू’मध्येही पडतात. कागदावर शाळेला सुसज्ज प्रयोगशाळा आहे असं दिसतं आणि शाळा गरजूंच्या यादीतून आपोआप गळते. पूर्वी बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीने ज्या माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले, त्यांना हा फटका जास्त बसतो. करार संपला, यंत्रं शाळेच्या नावावर झाली आणि पुढे बंद पडली, पण आकडा जिवंत राहिला.

उलटी चूकही महागात पडते. विजेच्या रकान्यात ‘आहे, पण चालू नाही’ असाही पर्याय आहे. थकबाकीमुळे जोडणी तोडलेली असताना प्रामाणिकपणे तो निवडला, तर वीज नसलेल्या शाळेला पॅनल (मोठा टचस्क्रीन फळा) कशाला, असा प्रश्न वर निघतोच. खोटं लिहू नका. ३० सप्टेंबरच्या आत थकबाकी भरून जोडणी सुरू करून घ्या. माहिती भरल्यावर शाळेच्या अकरा अंकी कोडचा अहवाल काढून केंद्रप्रमुखांसोबत ओळ न् ओळ वाचा आणि सही केलेली प्रत शाळेत ठेवा. तालुक्याचे डेटा ऑपरेटर शेकडो शाळांचं काम उरकत असतात. तुमचा चुकलेला रकाना तुम्हीच पकडायचा.

पैसा कुठून कुठून येतो

शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर (विद्यार्थीसंख्येवर) ठरतं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. हे फक्त सरकारी शाळांना, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. ९२ पटाच्या शाळेला २५ हजारांतून अडीच हजार वजा केले की साडेबावीस हजार उरतात. त्यातच वीजबिल, खडू, नळदुरुस्ती. यातून संगणक घ्यायला जाऊ नका. अर्थिंग, वायरिंग, राउटर, बंद यंत्राची दुरुस्ती, बॅटरीचं पाणी अशी कामं मात्र याच पैशातून होतात. मोठा निधी मागण्याआधी ती झालेली असली, तर मागणीला वजन येतं.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो, त्यात पंधराव्या आयोगाच्या काळात ६० टक्के बंधित (पाणी आणि स्वच्छता) आणि ४० टक्के अबंधित (ठरावीक कामाची सक्ती नसलेला) अशी विभागणी होती. डिजिटल वर्ग बसतो तो अबंधित भागात. काम ग्रामपंचायतीच्या ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात आधी आलेलं पाहिजे. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास सुरू होते. मुख्याध्यापक जानेवारीत ग्रामसेवकाकडे गेले, तर पुढच्या वर्षी बघू असं उत्तर येतं, आणि त्यात ग्रामसेवकाची चूक नसते. ऑगस्टमध्येच शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा आणि ग्रामसभेत तो पालकांच्या तोंडून मांडला जाईल असं बघा. गुरुजींनी मागितलेल्या पॅनलपेक्षा पाच आयांनी मागितलेलं पॅनल लवकर मंजूर होतं.

आमदार आणि खासदार निधी वर्षाला प्रत्येकी ५ कोटींचा. तिथे शिफारस लोकप्रतिनिधीची, पण प्रशासकीय मान्यता आणि खरेदी जिल्हा यंत्रणेची. म्हणून पत्रासोबत अंदाजपत्रक, शाळेच्या जागेचा उतारा आणि ठराव जोडूनच द्या. कोऱ्या विनंतीपत्रावर शिफारस मिळते, मान्यता रखडते. जिल्हा नियोजन समितीच्या निधीसाठी मागणी शिक्षणाधिकाऱ्यांमार्फतच जाते.

ठराव असा लिहा

समितीत पालक किमान ७५ टक्के आणि एकूण सदस्यांत महिला ५० टक्के, ही शिक्षण हक्क कायद्याची अट पूर्ण असेल तरच ठरावाला अर्थ आहे. इतिवृत्तातला मजकूर मोघम नको. ‘शाळा डिजिटल करावी असे ठरले’ या वाक्यावर कोणीही एक रुपया देऊ शकत नाही. नमुना पाहा:

‘ठराव क्र. ४. इ. ६ वी व ७ वीच्या वर्गखोल्यांसाठी ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल २ नग, ९०० व्हीए इन्व्हर्टर व १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी प्रत्येकी २ नग, वायरिंग व अर्थिंगसह, ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतून मिळावे. सदर वस्तू अन्य योजनेतून मिळालेल्या अथवा मंजूर नाहीत. वीजबिल संयुक्त शाळा अनुदानातून व इंटरनेटचा खर्च लोकवर्गणीतून भागवला जाईल. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.’

दुबार लाभाचं (हीच वस्तू दुसऱ्या योजनेतून मिळालेली नसल्याचं) वाक्य आणि पुढच्या खर्चाचं वाक्य, हे दोन्ही लेखापरीक्षक शोधतात. ते आधीच लिहिलेलं असलं की निम्मे आक्षेप निघतच नाहीत.

आधी वीज, मग यंत्र

डिजिटल वर्ग पहिल्याच वर्षात बंद पडतात त्यात सॉफ्टवेअरचा दोष कमी, विजेचा जास्त. वीजबिल हातात घ्या आणि दोन गोष्टी बघा. पहिली, वर्गवारी. सरकारी शाळेला लघुदाब सार्वजनिक सेवांचा दर लागतो. बिलावर वाणिज्यिक दर छापलेला असेल, तर महावितरणच्या उपविभागात अर्ज करून बदलून घ्या. दुसरी, मंजूर भार. पुष्कळ शाळांचा तो एकच किलोवॅट असतो.

आता हिशोब करू. एका डेस्कटॉपला मॉनिटरसह १५० वॅट धरले, तर दहा यंत्रांना १,५०० वॅट. पाच पंखे ३७५ वॅट. दिवे आणि राउटर मिळून आणखी शंभरेक. म्हणजे दोन किलोवॅट होतातच, तेव्हा तीनसाठी भारवाढीचा अर्ज करा. यूपीएस काढताना फक्त संगणक मोजायचे: १,५०० भागिले ०.८ (पॉवर फॅक्टर) म्हणजे १,८७५ व्हीए (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची क्षमता मोजायचं एकक), त्यावर पाव हिस्सा मोकळा ठेवला की जवळजवळ अडीच केव्हीए होतात. बाजारात ३ केव्हीए घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नका. गरम होताना तो एकदम इतका भार ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

पॅनलच्या वर्गाला पॅनल २०० वॅट, एक पंखा, राउटर असे सुमारे ३०० वॅट लागतात. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, पण पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हातात हजारेक वॅट-तास येतात, म्हणजे तीन तासांच्या वर थोडंसं. भारनियमन सकाळच्या सत्रात असेल, तर एवढं पुरतं.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुरे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत आणि न्यूट्रल-अर्थ ५ व्होल्टच्या आत. तिथे २०-३० व्होल्ट दिसले, तर यंत्र जोडू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायला कोण जाणार, त्या माणसाचं नाव ठरवून टाका.

भिंतसुद्धा बघावी लागते. ६५ इंची पॅनल चाळीसेक किलोचं असतं. चार इंची विटेच्या किंवा पोपडे सुटलेल्या भिंतीवर ते टांगण्यापेक्षा जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या. खिडकीच्या समोरची भिंत टाळा. सकाळी ऊन थेट काचेवर येतं आणि मागच्या बाकावर फळ्यापेक्षाही कमी दिसतं.

खरेदी

जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून थेट किती रकमेपर्यंत घेता येतं आणि निविदा कुठून लागते, या मर्यादा शासन निर्णयांनी बदलत असतात. खरेदीच्या आठवड्यात गटशिक्षण कार्यालयाच्या लेखा शाखेकडून चालू मर्यादा लेखी घ्या. मर्यादेत बसावं म्हणून एका कामाचे तीन तुकडे करू नका, लेखापरीक्षणात पहिला आक्षेप त्यावरच येतो. दुसरा येतो तीन दरपत्रकांवर: तिन्ही एकाच अक्षरवळणात, एकाच चुकीच्या स्पेलिंगसह. तिसरं बघायचं ते पुरवठा आदेश आणि बिल यांच्या तारखा. बिल ठरावाच्या आधीचं निघालं, तर ते सावरता येत नाही.

आदेशात वॉरंटी ‘बसवून चालू केल्याच्या तारखेपासून तीन वर्षं, शाळेत येऊन’ असं लिहून घ्या. नाहीतर ती बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, आणि खोक्यात पडून राहिलेलं पॅनल वॉरंटीचे चार महिने शाळेत न वापरताच संपवतं. दर जीएसटीसह मागा. अंदाजपत्रकात कर विसरला, तर संगणकावर १८ टक्क्यांची तूट येते आणि ती शेवटी शिक्षकांच्या खिशातून भरली जाते.

सामान आलं की खोकं पुरवठादारासमोर उघडा. खोक्यावरचा, यंत्रामागचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का ते जुळवा. पॅनल एक पूर्ण तास चालवा, चारही कोपऱ्यांत बोट फिरवा, आवाज शेवटच्या बाकावरून ऐका. इंटरनेट बंद करून पाठ चालतो का बघा. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा मजकूर आधी उतरवून ठेवता येतो, त्यामुळे नेट नाही म्हणून वर्ग बंद ही सबब उरत नाही. हे सगळं झाल्यावरच पोहोच पावतीवर सही करा. ‘सामान मिळाले’ आणि ‘चालू स्थितीत मिळाले’ यातला फरक पुढे वॉरंटीच्या भांडणात कळतो.

मार्च

समग्र शिक्षेचा पैसा २०२१ नंतर शाळेच्या खात्यात साचून राहत नाही. राज्याच्या एकाच नोडल (मध्यवर्ती) खात्यावर शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन देयक प्रणालीवरून पैसे थेट पुरवठादाराला जातात. पोर्टलवर एकाने देयक तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. आर्थिक वर्ष संपताना न वापरलेली मर्यादा परत जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल सुस्त होतं, म्हणून पुरवठादाराची नोंदणी आणि बँक तपशिलाची पडताळणी फेब्रुवारीतच उरका. खाते क्रमांकातला एक अंक चुकला, तर रक्कम परत येईस्तोवर ३१ मार्च उलटलेला असतो.

उपयोगिता प्रमाणपत्राची (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याची) रक्कम, कॅशबुक आणि बिलांची बेरीज रुपयापर्यंत जुळली पाहिजे. डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला प्रत्येक नग वेगळ्या ओळीत, अनुक्रमांक आणि निधीच्या नावासह लिहा. ‘संगणक संच १०’ अशी एकच ओळ असली की एक मॉनिटर चोरीला गेल्यावर पोलिसांना द्यायला अनुक्रमांकच हाती नसतो.

आवर्ती पैसा पाच वर्षांनी थांबतो. बॅटरी त्याच्या आधीच, साधारण चार-पाच वर्षांत बदलायला येते. दर महिन्याच्या समिती सभेत इंटरनेट, वीज आणि दुरुस्ती हे तीन आकडे इतिवृत्तात लिहीत गेलात, तर पुढच्या मागणीचं अंदाजपत्रक बसल्या जागी तयार होतं.

आणि ते पोत्याखालचे दहा संगणक. त्यांचं निर्लेखन (नोंदवहीतून अधिकृतपणे वगळणं) केल्याशिवाय यूडायसचा ‘एकूण’ आकडा खाली येत नाही. ती यंत्रं दुरुस्तीपलीकडे आहेत असा तंत्रज्ञाचा दाखला, समितीचा ठराव आणि डेडस्टॉकचा उतारा जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्या. मंजुरी आल्यावर भंगारवाल्याला बोलावू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावी लागतात. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. शालार्थ या वेतन प्रणालीच्या पगारपत्रकांपासून मुलांच्या आधार क्रमांकांपर्यंत सगळं तिच्यावर असतं.