सिस्टिम बदलताय? या चुका टाळा

अँड्रॉइडवाले आयफोनला ‘शोभेचा फोन’ म्हणतात, आयफोनवाले अँड्रॉइडला ‘हँग होणारा डबा’ म्हणतात आणि लिनक्सवालं (म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम वापरणारं) पोरगं दोघांकडेही कीव आल्यासारखं बघतं. हा वाद पोह्याच्या ठेल्यावर खुशाल चालू द्या. पण वादात हरलेला माणूस रात्री यूट्यूब लावून सिस्टिम बदलतो आणि सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभा राहतो. चुका दरवेळी त्याच.

‘डी ड्राइव्ह सेफ असते’

नसते. नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ‘अजून विंडोजच वापरतो का बे’ म्हणून होस्टेलवर मित्रांनी डिवचलं. सुटीत घरी आला आणि थेट दुकानाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू हे लिनक्स टाकायला बसला. विंडोजच्या शेजारी राहू की अख्खी डिस्क पुसू, असं इन्स्टॉलरने नीट विचारलं होतं. याने ‘पुसू’ निवडलं, कारण टॅलीचा, म्हणजे दुकानाच्या हिशेबाचा डेटा डी ड्राइव्हमध्ये होता.

“काका, डी ड्राइव्हले त मी हातच नाही लावला,” हे तो मला तीनदा सांगत होता.

सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क पुसली की दोन्ही गेले. त्यात ती एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते, त्यामुळे मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कमधून काही ना काही खरवडून निघायचं, इथे रिकव्हरीवाल्यानेही हात वर केले. सीएकडे मार्चमध्ये दिलेली एक कॉपी सापडली म्हणून निभावलं. पुढच्या नोंदी मुनीमजींनी बिलबुकं काढून पुन्हा टाकल्या आणि ते काम दिवाळीपर्यंत पुरलं. शिवाय टॅली लिनक्ससाठी बनतच नाही. डेटा वाचला असता तरी त्या मशीनवर उघडला कशात असता, हा प्रश्न पोराला पडलाच नव्हता.

लिनक्स पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवता येतं. आठवडाभर तसंच वापरा. प्रिंटर, वाय-फाय, आवाज सगळं चालतंय का बघा. एवढाही धीर नसेल तर विंडोजवरच राहा, त्यात कमीपणा नाही. कायमचं टाकायचं झालं तर मी जुनी डिस्क स्क्रू काढून कपाटात ठेवतो आणि नवी लावतो. ‘त्याच डिस्कवर पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करता येत नाही का?’ म्हणून लोक हसतात. येतं. पण कपाटातली डिस्क कुठल्याही इन्स्टॉलरला पुसता येत नाही.

व्हॉट्सॲप नंतर बघू

आयफोन घेतला, बर्डीतल्या दुकानातच सिम टाकून चालू केला, स्टेटस ठेवलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की चॅट नाहीत. अँड्रॉइडचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो आणि आयफोनला तो तिथून घेता येत नाही. त्यासाठी जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप टाकून, आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच सगळं ओढून घ्यायचं असतं. ती वेळ गेली की नवा फोन रिसेट करून पहिल्यापासून सुरुवात. दोन्ही फोन चार्जिंगला लावून ठेवा आणि जुना फोन लगेच विकू नका. एक्स्चेंजचे पैसे आठ दिवस उशिरा मिळाले तर कुणी उपाशी राहत नाही.

मराठी फाइल उघडली नाही म्हणून मॅकला शिव्या

वकिलांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या ऑफिसात हे हमखास. पंधरा वर्षांपूर्वीचे अर्ज कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेले. त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचेच कोड असतात, फक्त दिसायला देवनागरी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर, मग ती मॅक असो की लिनक्स, कचराच दिसणार. नव्या विंडोजवरही तेच होईल. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारं मराठी, करा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्याचा अर्ज मी वाचलाय, त्यात पक्षकाराचं आडनाव बदललं होतं.

बाकीच्या चुका थोडक्यात

विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूटशी खेळलात की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते आणि ते अकाउंट बरेचदा दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर उघडलेलं असतं. आधी की कागदावर लिहून घ्या.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बोर्डावरचा घड्याळाचा सेल बदलू नका. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक धरतं. लिनक्सच्या एका सेटिंगचं काम आहे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनवर जुगाड करून ११ चढवू नका. असल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही. तिथे लिनक्स मिंट हा लिनक्सचाच प्रकार बरा, अर्थात पेनड्राइव्हवरून बघून झाल्यावर.

आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच. फोटो तिथे आहेतच असं धरून जुना फोन पुसू नका, आधी उघडून बघा.

आणि उन्हाळ्यात ‘आयफोन तापतो, माझा नाही’ हा वाद नागपुरात तरी घालू नका. ॲपल स्वतःच ३५ अंशांपर्यंत वापरा म्हणतं आणि आपला मे ४५ ला टेकतो. स्कूटीच्या डिक्कीतून काढलेला कुठलाही फोन चार्जिंग थांबवू शकतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.