मुद्दाम केलेला फाऊल आणि नवा पंच

गुडघा गेला, खेळणं सुटलं, पण शाहू स्टेडियमकडं वळणारे पाय काही थांबेनात. म्हणून मी शिट्टी घेतली. कोल्हापुरात फुटबॉलचा पंच होणं म्हणजे निम्म्या गावाशी वाकडं घेणं. पेठेतली दोस्तमंडळी सामन्याआधी खांद्यावर हात टाकतात आणि सामन्यानंतर ओळख दाखवत नाहीत. शिव्या खायच्या तयारीनंच आलो होतो, त्यामुळं त्याचं फार काही वाटलं नाही. जड गेली ती वेगळीच गोष्ट. समोरचा खेळाडू नियम मोडतोय, शिक्षा काय होणार हे त्याला माझ्याइतकंच पाठ आहे, आणि तरी तो मोडतोय, कारण ती शिक्षा त्याला परवडते.

पंचांच्या वर्गाला येणारी पोरं ऑफसाइडबद्दल विचारतात. ऑफसाइड हा डोळ्यांचा आणि पळण्याचा प्रश्न आहे, सरावानं सुटतो. हे दुसरं कुणी विचारत नाही आणि पहिल्या मोसमात सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो, म्हणून हे लिहितोय.

आत शिरायची वाट सोपी आहे. जिल्ह्याचा वर्ग, लेखी परीक्षा, पळण्याची चाचणी, मग शालेय सामन्यांत लाइनवर झेंडा. खेळाचे नियम एकूण १७. त्यातला बारावा, फाऊल आणि गैरवर्तनाचा, वाचायला एक रात्र पुरते. अंगात मुरायला मला तीन मोसम लागले.

माझ्या पहिल्या मोसमातला एक सामना सांगतो. चाळीस-चाळीस मिनिटांचा. एक-शून्य, सहा मिनिटं बाकी. मागे पडलेल्या संघाचा उजवीकडचा पोरगा मध्यरेषेपाशी बॉल घेऊन सुटला, समोर दोनच बचावपटू. आघाडीवर असलेल्या संघाच्या मध्यरक्षकानं मागून त्याची जर्सी धरली. बॉलकडं बघितलंसुद्धा नाही. धरली, ओढली, पोरगा बसला, आणि मी शिट्टी वाजवायच्या आत याचा हात वर, "सॉरी सर." वर त्या पोराला हात देऊन उठवलं, पाठीवर थाप मारली. मी रुबाबात चालत गेलो, खिशातून पिवळं काढलं, नंबर लिहिला, बॉल जागेवर ठेवायला सांगितला. मान वर केली तेव्हा गोलसमोर आठ जण उभे होते. फ्री किक भिंतीला लागली. गॅलरीतून टाळ्या पडल्या त्या कार्ड खाणाऱ्याला.

खोलीत आल्यावर निरीक्षक म्हणून बसलेले एक जुने पंच बूट सोडता सोडता म्हणाले, "त्यानं पिवळं देऊन तुझ्याकडनं काय घेतलं रे?"

मला प्रश्नच कळला नाही. कार्ड मी दिलं होतं.

"चाळीस सेकंद घेतली," ते म्हणाले. "आणि तू ती मोजून दिलीस."

तिथून माझं बघणंच बदललं. मुद्दाम केलेला फाऊल हा सौदा असतो. खेळाडू काहीतरी विकत घेतोय: वेळ, जागा, आपल्या माणसांना मागे यायला उसंत. किंमत ठरलेली आहे, ती नियमपुस्तकात छापली आहे. ती किंमत बदलायचा अधिकार पंचाला नाही. पण माल किती द्यायचा हे बरंचसं त्याच्या हातात असतं.

कसं, ते सांगतो. पहिलं म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज. जर्सी धरली तरी बॉल साथीदाराकडं गेला असेल तर शिट्टी तोंडातच ठेवायची, दोन-तीन सेकंद. दुसरं, झटपट फ्री किक. बॉल थांबला आहे, त्यांना लगेच मारायचीय, तर कार्डाची नाटकं करत मध्ये उभं राहायचं नाही. एक मात्र इथं पक्कं डोक्यात हवं. फाऊलनं नुसती आश्वासक चाल, म्हणजे चांगली वाटणारी पण अजून गोलची स्पष्ट संधी नसलेली चढाई, अडवली असेल आणि तुम्ही अ‍ॅडव्हान्टेज दिला किंवा झटपट किक घेऊ दिली, तर त्या अडवण्याबद्दलचं पिवळं मग उरत नाही. चाल अडलीच नाही, कार्ड कशाचं? जुन्या खेळाडूंना हा बदल माहीत नसतो, ते "सर, कार्ड विसरलात" म्हणून मागे लागतात. लागू द्या. (फाऊल बेफिकिरीचा असेल तर गोष्ट वेगळी, ते पिवळं पुढं बॉल थांबला की द्यायचंच.) तिसरं, घड्याळ. मी दोन बांधतो. मुद्दाम खाल्लेला वेळ शेवटी जसाच्या तसा लावायचा, गॅलरी काहीही ओरडो.

आणि नंबर लिहिताना संघही बघायचा. हुशार संघ फाऊल वाटून घेतात. सहा नंबरनं एकदा, आठनं एकदा, चारनं एकदा, सगळे एकाच चपळ पोरावर. कुणाच्या नावावर दोन होत नाहीत. वारंवार नियम मोडण्याबद्दल पिवळं देता येतं, पण ते एका खेळाडूच्या खात्यावरचं असतं, संघाचं खातं नियमात नाही. मी तिसऱ्या फाऊलला कप्तानाला बोलावतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की हे मला दिसतंय. पुढच्याच्या बाबतीत मग मी कमी उदार असतो.

मध्यरेषेवरच्या त्या जर्सीचं जगप्रसिद्ध उदाहरण तुम्ही पाहिलं असेल. ११ जुलै २०२१, वेम्बली, युरो स्पर्धेची फायनल. नियमित वेळ संपत आलेली, एक-एक. इंग्लंडचा साका टचलाइनजवळून निसटला आणि इटलीच्या कियेलिनीनं त्याची कॉलर मागून अशी धरली की फोटोत साकाचा गळा आवळलेला दिसतो. पंच क्युपर्स यांनी पिवळं दाखवलं. नियमानं तेच बसतं. गोल फार लांब होता. इटली टायब्रेकरमध्ये जिंकली. हॉकीत कार्ड मिळालं की हिरव्याला २ मिनिटं बाहेर बसावं लागतं, म्हणजे किंमत तिथल्या तिथं, रोखीत. फुटबॉलचं पिवळं उधारीवर चालतं, दुसरं मिळालं तरच खेळाडू बाहेर. शेवटच्या मिनिटाला खाल्लेलं तर बुडीत खातंच. ही नियमाची उणीव आहे असं माझं मत आहे, पण मैदानावर माझ्या मताला कुणी विचारत नाही आणि ते बरंच आहे.

किंमत कमी पडली की नियम करणाऱ्यांनी ती वाढवली, असा या खेळाचा इतिहास आहे. पेनल्टी किक स्वतःच अशी जन्मली. फेब्रुवारी १८९१ मध्ये इंग्लंडच्या एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात नॉट्स काउंटीच्या बचावपटूनं स्टोकचा गोलरेषेवरचा बॉल हातानं अडवला. तेव्हा पेनल्टी नव्हती. स्टोकला गोलपासून वीतभरावर साधी फ्री किक मिळाली, गोलकीपर बॉलसमोरच उभा राहिला, आणि काउंटी एक-शून्यनं जिंकली. आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम नावाच्या गोलकीपरनं पेनल्टीची सूचना आधीच्या वर्षी मांडली होती, तेव्हा तिची टिंगल झाली होती. सभ्य माणसं मुद्दाम असं करतील हे गृहीत धरणंच अपमानाचं वाटलं होतं. जून १८९१ मध्ये नियम आला. पुढं १९८० च्या एफए कप फायनलमध्ये वेस्ट हॅमचा १७ वर्षांचा पॉल अ‍ॅलन गोलकडं एकटा निघाला असताना आर्सेनलच्या विली यंगनं त्याला मागून पाडलं. पिवळ्यावर भागलं. त्यावर इतका गदारोळ झाला की हळूहळू लाल कार्डाची वाट तयार झाली. आज आपण ज्याला 'डॉग्सो' म्हणतो, म्हणजे गोलची स्पष्ट संधी हिरावणं, त्याची मुळं तिथं आहेत. अंतर, चालीची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता, बचावपटू किती आणि कुठं: या चार गोष्टी झोपेत विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत. २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात बॉलसाठी खरा प्रयत्न करताना फाऊल झाला तर लाल ऐवजी पिवळं. ओढणं, ढकलणं, धरणं किंवा मुद्दाम हात लावणं याला ही सूट नाही. इथं नियम प्रत्यक्ष हेतूकडं बघतो, आणि ते मला आवडतं.

आता उरुग्वेचा सुआरेझ. वर्गात हे नाव निघालं की तासाचं वाटोळं होतं. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपचा उपांत्यपूर्व सामना, उरुग्वे विरुद्ध घाना, एक-एक, जादा वेळेचं शेवटचं मिनिट. घानाचा हेडर गोलमध्ये जात होता, सुआरेझनं रेषेवर उभं राहून दोन्ही हातांनी परतवला. लाल कार्ड, पेनल्टी. तो तोंड लपवत बाहेर निघाला, घानाच्या ग्यानची किक आडव्या दांड्याला लागली, आणि हा कडेला नाचू लागला. टायब्रेकरमध्ये उरुग्वे. पंचानं काय चुकवलं? काहीही नाही. रग्बीत असता तर थेट पेनल्टी ट्राय दिली असती. फुटबॉलमध्ये पंच गोल बहाल करू शकत नाही.

मी बरीच वर्षं म्हणायचो की हा शुद्ध लबाड. आता तसं म्हणत नाही. त्यानं काही लपवलं नाही. सगळ्या जगासमोर नियम मोडला, पूर्ण किंमत मोजली, उपांत्य सामना घरच्यासारखा बाहेरून पाहिला, आणि घानाला त्यांची संधी मिळाली. पेनल्टी क्षेत्रात वारा लागून पडणारा माणूस मला याच्यापेक्षा वाईट वाटतो, कारण तो मला फसवतो. सुआरेझनं मला फसवलं नसतं. ग्यानला मात्र हे पटणार नाही, आणि त्याचंही बरोबर आहे.

त्यानंतर दीडच महिन्यानं, १६ ऑगस्टला, डंबुलाला क्रिकेटच्या सामन्यात श्रीलंकेच्या रणदिवनं सेहवागला टाकलेला नो-बॉल आठवा. सेहवाग ९९ वर, भारताला एक धाव हवी. रणदिवनं पाय रेषेच्या बराच पुढं टाकला, सेहवागनं षटकार मारला, पण नो-बॉलच्या एका धावेनंच सामना संपला होता. शतक गेलं. इथं दंड सोसून फायदा घेतलेला नाही, दंड हाच फायदा. पंचांच्या हातात करण्यासारखं काही राहिलंच नाही. श्रीलंकेच्या मंडळानं नंतर रणदिवला एका सामन्यासाठी बाहेर बसवलं. मला सुआरेझपेक्षा हे कोतं वाटतं. सुआरेझला निदान सामना जिंकायचा होता.

एक गोष्ट लिहायला जरा जड जाते. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा शालेय सामना होता. कडेवरून प्रशिक्षक ओरडले, "घाल खाली त्याला!" आणि त्यांच्या बचावपटूनं घातला. मी पोराला पिवळं दिलं. पोरगा हमसत म्हणाला, "सर, सरांनीच सांगितलं." ते मी ऐकलं होतं. तरी कार्ड पोराच्याच नावावर गेलं आणि प्रशिक्षक पाण्याची बाटली तोंडाला लावून उभे राहिले. २०१९ पासून बाकावरच्या माणसांनाही पिवळं-लाल दाखवता येतं, खेळाचा अनादर हे कारण नियमातच आहे. त्या दिवशी मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर वयानं मोठ्या माणसाला कार्ड दाखवायचा धीर झाला नाही. आता पोरांचा सामना असला की नाणेफेकीआधी दोन्ही बाकांपाशी जातो, नमस्कार करतो आणि सांगतो की आवाज मला इथपर्यंत येतो.

शेवटची गोष्ट अहवालाची. तो त्याच रात्री लिहा, सकाळपर्यंत फोन येऊन डोकं फिरलेलं असतं.

स्पर्धेत ठरावीक पिवळी जमली की पुढच्या सामन्याला बंदी येते, आणि तीही मुद्दाम ओढवून घेता येते. २०१९ च्या फेब्रुवारीत रियल माद्रिदच्या रामोसनं आयॅक्सविरुद्ध पिवळं मुद्दाम ओढवून घेतलं, की परतीच्या सामन्याला बंदी भोगून पुढच्या फेरीला पाटी कोरी व्हावी. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, ओळखलं आणि एक सामना वाढवला. दरम्यान परतीच्या सामन्यात रियल घरच्या मैदानावर चार-एकनं हरून स्पर्धेबाहेर गेलं आणि रामोस गॅलरीतून बघत होता. आपल्याकडं हे होत नाही असं मला वाटायचं. मग एका स्पर्धेत, निकालाला काही अर्थ न उरलेल्या साखळी सामन्यात, एक सिनियर बचावपटू थ्रो-इनला बॉल हातात घेऊन उभाच राहिला. "टाक," म्हटलं. हसला. "सर, एक पिवळं द्या की. पुढच्याला बसतो, फायनलला मोकळा." पिवळं द्यावंच लागलं, वेळकाढूपणा तर होताच. अहवालात मी त्याचं वाक्य अवतरणात लिहिलं. आयोजकांपैकी एकानं विचारलं, हे कशाला लिहिलंस, खोड. मी खोडलं नाही. पण स्पर्धेच्या नियमपत्रिकेत अशा कार्डाबद्दल एक अक्षर नव्हतं, त्यामुळं पुढं काही झालंही नाही. तो फायनल खेळला, चांगला खेळला. त्या सामन्याला मी चौथा पंच होतो. बाहेर येताना तो पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रागवू नका सर, नियमात बसतंय."

पुढच्या मोसमासाठी मी एक ओळ लिहून दिली होती: कार्ड हेतुपुरस्सर घेतल्याचं अहवालावरून दिसल्यास बंदी एका सामन्यानं वाढेल. छापील पत्रिकेत ती आली नाही. तिची झेरॉक्स कार्डांच्या पाकिटात अजून आहे. वर्गाला आलात तर दाखवतो.