जुनं इंजिन किंवा जुना डबा वाचवायचाय? मग या चुका टाळा

जुनं वाफेचं इंजिन किंवा रेल्वेचा लाकडी डबा ताब्यात आला की सगळ्यांना पहिली घाई रंगाची. आठवडाभरात काळा ऑइल पेंट फासतात, फोटो मस्त येतात, आणि आतला गंज तसाच. रंगाखाली ओल कोंडली की एक-दोन पावसाळ्यांत फुगे धरतात, नखाने खरडलं तरी पापुद्रा हातात येतो. फुगे दिसले की वरून परत हात मारू नका, चांगला धातू लागेपर्यंत खरवडा, फक्त त्याआधी फोटो काढा आणि एका कोपऱ्यात जुन्या रंगाचा तुकडा आहे तसा ठेवा, कारण कुठल्या काळात गाडी कुठल्या रंगाची होती हे त्या थरांवरूनच कळतं. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे मास्क हवाच.

माथेरानच्या मिनीट्रेनचंच बघा. 1907 ला सुरू झालेल्या या दोन फुटी (दोन रुळांमधलं अंतर दोन फूट) लाइनवर ऑरेनस्टाइन अँड कोपेलची जर्मन इंजिनं होती, आणि घाटातल्या वळणांसाठी त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या चाकांचा आस पोकळ, आतला दांडा वेगळा, म्हणजे वळणावर चाकं थोडी बाजूला सरकतात. असं इंजिन वर्षानुवर्षं चौथऱ्यावर उभं राहिलं की आतलं ग्रीस सुकतं, जोड जाम होऊ शकतो, आणि बाहेरून रंग चकाचक असल्यामुळे कुणाला पत्ताच नाही. उभ्या इंजिनालाही तेल-ग्रीस लागतं हो!

बॉयलरच्या बाबतीत मात्र अजिबात रिस्क नको. बंद ठेवायचा असेल तर एकतर पूर्ण सुकवा नाहीतर औषध घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, अर्धवट पाणी ठेवलंत की पाण्याच्या रेषेवरच पत्रा खातो. स्मोकबॉक्समधली (इंजिनाच्या पुढच्या टोकाचा धुराचा कप्पा) राख त्याच दिवशी काढा, ओली राख म्हणजे ॲसिडच. गार बॉयलर घाईत पेटवू नका, तांब्याचा फायरबॉक्स (जिथे कोळसा जळतो तो कप्पा) आणि बाहेरचा स्टीलचा पत्रा सारखे फुगत नाहीत, आणि मधले स्टे, म्हणजे दोन्ही पत्रे बांधून ठेवणारे दांडे, तुटतात. स्टेच्या टोकाला एक बारीक भोक असतं, स्टे आतून तुटला की तिथून पाणी किंवा वाफ झिरपते, तेवढ्यासाठीच ते ठेवलेलं असतं. गळती दिसते म्हणून त्यात खिळा ठोकून बुजवणारे लोक आहेत, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. तिथून झिरपलं की इंजिन थांबवा आणि बॉयलर इन्स्पेक्टरला बोलवा, बस. आणि प्रेशर टेस्ट पाण्यानेच करायची, हवेने कधीच नाही, कारण पाण्यात काही फुटलं तर प्रेशर लगेच पडतं, हवेत फुटलं तर पत्रे उडतात.

लाकडी डब्यात नेहमीची तक्रार म्हणजे दार घासतंय. मग सुतार येतो, दाराला रंधा मारतो, चार महिन्यांनी परत तेच. दोष बहुतेक वेळा दारात नसतोच. छपराचं कॅनव्हास फाटलेलं असतं, पाणी फळ्यांच्या मागून उतरून खालच्या तुळईत मुरतं, ती कुजते आणि सगळी चौकटच खाली बसते. तुळईत जागोजागी टोच्या खुपसून बघा, भसकन आत गेला तर तेवढा भाग कापून सागवानाचाच जोड द्या, लांबी (पुटी) भरून झाकू नका. पण आधी छप्पर, नाहीतर नवीन लाकूडही कुजेल.

अजून एक म्हणजे नट-बोल्ट. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या गाड्यांना व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, आटे असतात, अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, त्यात बाजारातला 12 मिमीचा मेट्रिक बोल्ट कसाबसा अडकतो पण धरत नाही आणि मूळ आटे कायमचे खराब करतो. माप घेऊन लेथवर करून घ्या. काढलेला प्रत्येक बोल्ट, मोडका असला तरी, लेबल लावून ठेवा, नवीन बनवायला नमुना तोच. आणि बॉयलरभोवतीचं पांढरं-करडं गुंडाळण हाताने ओढून काढू नका, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी लॅबमध्ये तपासून घ्या.