शोभेच्या गवतांचे पाणी: मृगापासून वळवापर्यंत

फाउंटन ग्रास, पंपास ग्रास, झेब्रा ग्रास, वाळा, गवती चहा अशी झुपक्याने वाढणारी गवते आता बंगल्यांच्या बागांत, सोसायट्यांच्या वाफ्यांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत सर्रास दिसतात. ही गवते चिवट असतात हे खरे. पण हा चिवटपणा मुळे खोल गेल्यानंतरचा आहे, आणि मुळे खोल जाणार की वरच्या दोन बोटांच्या मातीतच घोटाळत राहणार, हे पहिल्या वर्षी आपण पाणी कसे देतो यावर ठरते. रोज झारीने वरवर शिंपडले, तर मुळांना खाली जाण्याचे कारणच उरत नाही, आणि मग मे महिन्यात एक दिवस पाणी चुकले तरी ठोंब पिवळा पडतो. म्हणून पाणी कमी वेळा द्यावे, पण दर वेळी ते किमान वीतभर खोल पोहोचेल इतके द्यावे, आणि माती वाफशावर येऊन तिचा वरचा थर सुकल्याखेरीज पुढचे पाणी देऊ नये.

वाफसा ओळखणे अवघड नाही. आळ्याच्या कडेला खुरप्याने वीतभर माती उकरून तळाची माती मुठीत दाबावी. तिचा गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलताच तो फुटला, तर जमिनीत ओल आणि हवा दोन्ही आहेत, पाण्याची घाई नाही. गोळा चिकट राहून बोटांना लागला, तर अजून काही दिवस थांबावे. माती भुकटीसारखी निसटली, तर पाण्याची वेळ झाली. पहिल्या काही महिन्यांत ही परीक्षा वरचेवर केली की आपल्या बागेतल्या मातीला सुकायला किती दिवस लागतात याचा अंदाज बसतो, आणि माझ्या मते तो अंदाज कोणत्याही छापील वेळापत्रकापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

हे दिवस मातीप्रमाणे फार बदलतात. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, पण एकदा सुकली की तिला भेगा पडतात आणि ओतलेले पाणी मुळांना न भिजवता भेगांतून सरळ खाली निघून जाते. अशा वेळी आधी आळे हलके खुरपून भेगा बुजवाव्यात आणि पाणी अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत द्यावे. मुरमाड जमिनीत आणि कोकणातल्या जांभ्याच्या मातीत निचरा भराभर होतो, म्हणून तिथे पाण्याच्या पाळ्या थोड्या जवळ घ्याव्या लागतात. प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. दोन फूट व्यासाच्या गोल आळ्यात १० लिटर पाणी ओतले, तर ते जवळपास ३५ मिलिमीटर पावसाइतके होते, आणि मुरलेल्या ठोंबाला एका पाळीसाठी साधारणपणे तेवढे पुरते. ठिबक असेल तर ठोंबाच्या दोन बाजूंना ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर ठेवून सव्वा तास चालवल्यास हेच १० लिटर मिळतात. ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवू नयेत. झुपक्याचा गाभा सतत ओला राहिला की तो मधूनच कुजू लागतो.

सगळ्या गवतांना एकाच मापाने मोजणेही बरोबर नाही. जांभळे फाउंटन ग्रास आणि पंपास एकदा रुजले की कोरड सोसतात, मात्र पाय ओले राहिलेले त्यांना चालत नाही. झेब्रा ग्रासला यापेक्षा अधिक ओल लागते आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला दुपारची सावलीही द्यावी. वाळा कोरड आणि साचलेले पाणी दोन्ही सहन करतो, त्यामुळे पन्हाळीचे पाणी पडते त्या कोपऱ्यासाठी तोच निवडावा. छत्रीगवत आणि मोंडो ग्रास ही खरे तर गवताच्या कुळातली नाहीत, पण रोपवाटिकेत ती याच रांगेत असतात. पहिले चक्क पाण्यात उभे राहते, तर दुसऱ्याला सावलीत कायम बेताची ओल हवी असते. एकाच ठिबकच्या नळीवर फाउंटन ग्रास आणि छत्रीगवत लावले, तर दोहोंपैकी एकाचे हाल ठरलेलेच.

नवी लागवड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करावी. तेव्हा आभाळच पाणी देते, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. लागवडीनंतरचे दोन आठवडे ठोंबाची मुळे रोपवाटिकेतून आलेल्या मातीच्या गोळ्यातच असतात, आणि भोवतालची जमीन ओली असूनही तो गोळा आतून कोरडा पडू शकतो. या काळात पाऊस उघडला तर एक दिवसाआड पाणी द्यावे, पुढे अंतर चार दिवसांवर आणि नंतर आठवड्यावर न्यावे. जुन्या ठोंबांना पावसाळ्यात पाणी देण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे काळजी निचऱ्याची असते. मोठी सर थांबून काही तास उलटले तरी आळ्यात पाणी उभे असेल, तर आळ्याची पाळ एका बाजूने फोडून वाट करून द्यावी. कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्येच काढून ठेवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवसांची उघडीप पडली आणि ऊन तापले, तर मात्र कुंड्यांची माती पाहून पाणी सुरू करावे. या दिवसांत युरियासारखे नत्रखत हात सैल सोडून टाकले, तर पाती लुसलुशीत होऊन झुपका लोळतो, आणि पावसाने जड झालेले तुरे त्याला आणखी खाली खेचतात.

वर्षातला सर्वांत फसवा काळ हस्ताच्या पावसानंतर येतो. ऑक्टोबरमध्ये जमीन वरून हिरवी दिसते, ठोंब पूर्ण वाढलेला असतो, तुरे डोलत असतात आणि पाणी देण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु याच वेळी पानांचा पसारा सर्वाधिक असल्यामुळे गवत जमिनीतून भराभर पाणी ओढते, आणि वरून ऑक्टोबरचे ऊन असते. अशा वेळी पात्यांकडे जवळून पाहावे. पाण्याचा ताण पडला की अनेक गवतांचे पाते कडेने आत वळून बारीक नळीसारखे होते, आणि त्यामुळे बाष्प कमी उडते. दुपारी दोन वाजता पाती वळलेली दिसली आणि संध्याकाळी उलगडली, तर काळजी करू नये. सकाळी सातलाही ती वळलेलीच असतील, तर त्याच दिवशी आळे भरून पाणी द्यावे. पाणी तुऱ्यांवर न मारता बुडाशी द्यावे, म्हणजे तुरे दिवाळीपर्यंत ताठ राहतात.

थंडीत वाढ मंदावते. पठारावर बारा-पंधरा दिवसांनी एक पाळी मुरलेल्या ठोंबांना पुरते, तीही सकाळी ऊन आल्यावर द्यावी. पाती वाळून तांबूस झाली म्हणून पाणी वाढवणे ही नेहमीची चूक आहे. ती त्या ऋतूतली स्वाभाविक अवस्था असते, आणि थंड जमिनीत पाणी साचले की मुळे कुजतात. फेब्रुवारीच्या शेवटी वाळलेला झुपका जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावा. छाटल्यावर पाने नसल्यामुळे पाण्याची गरज फारच कमी असते, म्हणून एक पाणी देऊन नवे फुटवे दिसेपर्यंत थांबावे आणि फुटवे बोटभर झाले की नेहमीची पाळी धरावी.

मार्चपासून आच्छादन हवेच. पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा छाटलेल्या गवताचेच तुकडे दोन-तीन इंच जाडीने पसरावेत, मात्र गाभ्यापासून चार बोटे दूर ठेवावेत. जमिनीतल्या जुन्या ठोंबाला पुणे-नाशिककडे एप्रिल-मेमध्ये साधारण चार ते सहा दिवसांनी पाणी लागते. विदर्भात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा हे अंतर तीन दिवसांवर येते. पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे.

कुंड्यांचा उन्हाळा वेगळा असतो. गच्चीचा स्लॅब तापून कुंडी चारही बाजूंनी भाजते, त्यामुळे तिला रोज पाणी लागू शकते. कुंड्या विटांवर ठेवून एकमेकींच्या सावलीत आणाव्यात. कुंडी थोडी उचलून पाहिली की वजनावरून ओलीचा अंदाज येतो. कधी कधी पाणी ओतताच ते लगेच खालच्या छिद्रातून वाहते आणि कुंडी तरीही हलकीच राहते. याचा अर्थ कोकोपीट असलेली माती आकसून कडेला फट पडली आहे आणि मधला गोळा कोरडाच आहे. अशी कुंडी पाण्याच्या टबात ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजू द्यावी. बोअरचे जड पाणी वापरत असाल तर कुंडीच्या काठावर पांढरी क्षारांची कड आणि पात्यांची टोके तपकिरी दिसू लागतात. महिन्यातून एकदा शक्य तितके गोडे पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढावेत. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी कुंड्यांना घालू नये, त्यात क्षार अधिक एकवटलेले असतात. भाज्या-तांदूळ धुतलेले बिनमिठाचे पाणी खुशाल चालते, आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत तर ते साठवून ठेवावेच.

मेच्या उत्तरार्धात वळीव कोसळला की अनेक जण ठिबक बंद करतात. वळवाची सर जोरदार असली तरी थोडाच वेळ टिकते, आणि तापून घट्ट झालेल्या जमिनीवरून तिचे बरेचसे पाणी वाहून जाते. सरीनंतर आळ्यात खुरपे घालून ओल किती खोल गेली ते पाहावे. ती बोटभरच असेल, तर ठरलेली पाळी त्याच दिवशी पूर्ण करावी आणि ठिबक पावसाळा नीट लागेपर्यंत चालू ठेवावे.