घातक कचरा: लहान कारखान्यांनी या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्यापासून जालन्यापर्यंत लहान वर्कशॉपमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे रिकामा बॅरल भंगारात देणं. पेंट, थिनर, ॲसिड किंवा फॉस्फेटिंगचं (रंगाआधी धातूवर थर चढवायचं) केमिकल ज्यात आलं, तो ड्रम रिकामा झाला तरी घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचराच असतो. अनुसूची १ मध्ये त्याचा क्रमांक ३३.१, आणि तेलकट चिंध्यांचा ३३.२.

आपल्याकडे ही चूक जास्तच महागात पडते. उन्हाळा लागला की टँकरचं पाणी साठवायला दारोदारी दोनशे लिटरचे ड्रम हवे असतात. भंगारवाला ड्रम विसळतो, लेबल खरवडतो आणि विकतो. त्यात आधी काय होतं, हे घेणाऱ्या बाईला कुणीच सांगत नाही. शंभर-दोनशे रुपयांसाठी हे पाप कशाला? प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी दाखवेल त्यालाच ड्रम द्या, तिची प्रत फाईलला ठेवा. आणि थिनरचा ड्रम गॅस कटरने कधीच कापू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

दुसरी चूक, "गाडी भरेल एवढा माल साठू दे." साठवणुकीची मुदत ९० दिवस आहे. मराठवाड्यातून स्लज, म्हणजे कारखान्यातला घातक गाळ, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या सामायिक विल्हेवाट केंद्रावर पाठवायचा तर भाडं परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. त्यासाठी आधी अर्ज करा, किंवा शेजारच्या युनिटबरोबर अधिकृत वाहतूकदाराची एकच गाडी ठरवा. मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा नोंदीचा कागद, मात्र प्रत्येकाचं वेगळं.

तोवर माल पत्र्याखाली, पक्क्या फरशीवर, भोवती कड घालून ठेवा. उघड्यावरच्या गोण्या पहिल्या पावसातच नाल्याला लागतात, आणि शहरातली खाम नदी पुढे गोदावरीलाच मिळते. लेबल पिवळं, न पुसणारं हवं. त्यावर 'घातक कचरा' हे शब्द लाल अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत हवेत. मार्करने खरडलेला कागद चालत नाही.

जुनं ऑईल, कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव) आणि सॉल्व्हंट एकाच ड्रममध्ये ओतू नका. स्वच्छ राहिलेलं जुनं ऑईल रीसायकलर विकत घेतो. भेसळ झाली की विल्हेवाटीचे पैसे उलट तुम्हालाच मोजावे लागतात.

मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात. वाहतूकदाराच्या सहीची पिवळी प्रत तुमच्याकडे राहते, माल पोचल्यावर केंद्राकडून निळी परत येते. गाडी गेटबाहेर पडली की काम संपलं असं समजून बरेच जण निळीची वाटच पाहत नाहीत. ती आली नाही तर लगेच फोन करा आणि लेखी विचारा. माल वाटेत कुठे ओतला गेला तर पहिली चौकशी तुमच्याकडेच होणार. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्याखालचा दंड १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत आहे.

घातक कचऱ्याचं फॉर्म ४ मधलं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरायचं असतं. ते भरण्याआधी फॉर्म ३ चं कचऱ्याच्या नोंदींचं रजिस्टर, मॅनिफेस्टची बेरीज आणि कन्सेंटमधलं (मंडळाच्या संमतीपत्रातलं) मंजूर प्रमाण शेजारी ठेवून ताळा करा. दुसरी शिफ्ट सुरू केली आणि कन्सेंट जुनंच राहिलं, तर आकडे इथेच फुगलेले दिसतात. तसं दिसलं तर विवरणात आकडा कमी दाखवू नका, कन्सेंट सुधारून घ्यायला टाका.