मीटरचा लाल दिवा मोजा

वीज कोण खातंय हे शोधायला वेगळं यंत्र लागत नाही. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत मीटर खाली पार्किंगमध्ये असतात. तिथे आपल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकताना दिसेल, आणि पाटीवर ३२०० किंवा असाच एखादा आकडा छापलेला असेल. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा (पाच-दहा मिनिटांत दूध नासत नाही). वर कुणाला तरी फोनवर ठेवून एकच वस्तू सुरू करायला सांगा. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यांनी भागा, वॅट मिळतात. पाटीवर आकडा दुसरा असेल तर ३६ लाखाला आधी त्याने भागायचं, आणि येणारं उत्तर ११२५ च्या जागी घ्यायचं. जुना पंखा साधारण १५ सेकंदांना एकदा लुकलुकवतो, म्हणजे ७५ वॅट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला तेवढ्यासाठी ३५-४० सेकंद लागतात. एलईडी बल्बची फार काळजी नको. गीझर लावलात तर मोजायलाच जमणार नाही, सेकंदाला जवळजवळ दोनदा! थंडीत तो तासभर आधी लावून ठेवणाऱ्यांनी हे एकदा खाली येऊन बघावंच.

सगळं बंद असताना दिवा लुकलुकतोय? बटणं पुन्हा तपासा. रिमोटने बंद केलेला सेटटॉप बॉक्स १० वॅट जरी खात असेल, तरी महिन्याला सात युनिट होतात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चांगलाच चढतो, तेव्हा काठावरचं बिल असेल तर आधी हा बॉक्स भिंतीवरच्या बटणावर बंद करा.